माळ्यांच्या वाट्याची भिंत

हिवरकोटला कूस होतं. गावाभोवती चौफेर भिंत, चार कोपऱ्यांवर चार बुरूज आणि पूर्वेला एकच वेस. एलिचपूरहून रिद्धपूरकडे बैलगाडीने निघालं की दुसऱ्या नाल्यानंतर ती भिंत उजव्या हाताला दिसायची, आणि गाडीतला परका माणूस हटकून विचारायचा, हा कोणाचा किल्ला? किल्ला नव्हे हो, गावच. इमादशाहीत बांधलं असं सांगत. खाली चार हात काळ्या दगडाचा पाया, वर पंधरा हात पांढऱ्या मातीची भिंत. तळाशी आठ हात रुंद, वर दोन माणसं शेजारी चालतील एवढी. गोळी मारायला तिरपी भोकं ठेवलेली, बाहेरून पाहिलं तर बोटभर, आतून पाहिलं तर सगळं शिवार दिसेल अशी.

ही भिंत कोण्या राजाने सांभाळली नाही. गावाने वाट्याने सांभाळली. वेशीपासून दक्षिणेचा वाटा कुणब्यांचा, मग तेल्यांचा, मग सुतार-लोहारांचा. पश्चिमेची सव्वाशे हात भिंत आम्हा माळ्यांची. पावसाने उतरलेली भिंत दिवाळीनंतर ज्याने त्याने लिंपायची. पांढरी माती, जवसाचं भूस, गुळाचं पाणी. आठ दिवस कुजवायचं, पायांनी तुडवायचं आणि हाताने थापायचं. तीस वर्षांपासून मात्र हे बंद पडलं होतं. महारांना भिंतीचा वाटा नव्हता, कारण ते भिंतीच्या बाहेर राहत. त्यांना वेस दिली होती. म्हणजे ज्यांना आत घ्यायचं नाही त्यांनीच आतल्यांचं दार राखायचं. यात कोणाला काही खटकत नव्हतं. मलाही नाही.

आता पोळ्याचं सांगतो.

निजामाच्या अमलात, सव्वाशे वर्षांमागे, हिवरकोटावर पेंढाऱ्यांची धाड पडली. गाव लुटलं, एकवीस माणसं कापली, कडबा पेटवला. गाव म्हणतं, झिंग्या वेसकर दारू पिऊन देवडीत पडला आणि त्याने आगळ लावली नाही. आगळ म्हणजे दारामागचा सागाचा अडसर, सात हात लांब, दोन माणसांचं ओझं. तेव्हापासून दर पोळ्याला, बैल तोरणाखालून जायच्या आधी, झिंग्याच्या वंशातल्या माणसाने ती आगळ एकट्याने खांद्यावर घेऊन वेशीत उभं राहायचं आणि म्हणायचं, "आगळ माह्या पुर्वजानं लावली नाई. गाव लुटल्या गेलं. गावानं माफ करावं."

पाटलाने उत्तर द्यायचं, "या साली नाई."

असं तीनदा. तिसऱ्या खेपेला गाव हसायचं, वाजंत्री सुरू व्हायची आणि बैल आत शिरायचे. मीही हसलो आहे. चांगला मोठ्याने, तीस वर्षं.

आम्हा माळ्यांचा आणखी एक रिवाज होता. पोळ्याच्या सकाळी माळीवाड्यातून वेसकराच्या घरी भाजीची टोपली जायची. वांगी, कारली, काकड्या, वर झेंडूची माळ. गावात दुसरं कोणी काही देत नसे. मला त्या टोपलीचा फार अभिमान होता. कुणबी लेकाचे जमीनदार, पण दया आहे ती माळ्यांच्या मनात, असं मी रिद्धपूरच्या बाजारात लोकांना सांगितलेलं आहे.

चौतीस साली चैत्रात नागपूरहून एक अधिकारी आला. जुनी तटबंदीची गावं कुठे कुठे आहेत त्याची नोंद करत फिरत होता. लोक भिंतीची माती खणून वावरात टाकत होते, घरांच्या धाब्याच्या छपरांवर टाकत होते, दोन बुरूज तर अर्धे खाल्लेच होते. तो म्हणाला, भिंत जाईल तेव्हा जाईल, निदान हकिकत लिहून ठेवा. गाव कोणी वसवलं, कूस कोणी बांधलं, कधी कसं पडलं, सगळं लिहून तहसिलीत पाठवा. किसनराव पाटील म्हणाले, पाठवतो. मास्तराची बदली झालेली. लिहिणार कोण? मी शाळेत गेलेलो नाही, पण रिद्धपूरच्या एका मठात फुलं पोचवता पोचवता एका म्हाताऱ्या महंताकडून अक्षर शिकलो होतो. पाटलांनी मला वाड्यावर बोलावलं.

"सहद्या, तुले येते ना लिवाले?"

"येते जी."

"मंग लिव. अन बरं लिव. वऱ्हाडात दुसरं असं गाव नाई असं वाटलं पायजे सायबाले. लिवून झालं का पोळ्याच्या दिवशी वेशीत वाचू, समद्या गावाले आयकू दे. मंग पाठवू."

मी घरी आलो तो जमिनीला पाय न लावता.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी वेसकर मळ्याच्या बांधाशी येऊन उभा राहिला. चाळिशीचा माणूस, खांदे रुंद. दोन हंगाम अकोल्याच्या जिनिंगात काढून आला होता आणि सभा ऐकून आला होता. बोलण्यात आता 'जी' कमी झालं होतं.

"सहदेवभाऊ, कागद तुमच्याकडं आला म्हंतात."

"आला."

"मंग एक करा. लिवाच्या आंधी मोजा."

"काय मोजू?"

"वेस पाहा पयले. चाला माह्यासंग."

गेलो. दार त्याने मला असं दाखवलं, जसं बैल घेणाऱ्याला बैलाचे दात दाखवतात. "हे दार जुनंच हाय ना? पेंढाऱ्याइच्या आंधीचं?"

"हो."

"कुऱ्हाडीचा एक घाव दाखवा. जळाल्याची खूण दाखवा."

"नाही. उघडंच होतं ना ते."

"गाव म्हंते उघडं होतं. मी म्हंतो, धाड इकून आलीच नाई. आता दुसरं आयका. झिंग्या इथं मेला हे तं गावही सांगते. पन माही आजी सांगे, मडं आगळीवर पालथं पडेल होतं. दारू पिऊन झोपेल मानूस उठून आगळीवर जाऊन मरते का? तो आगळ धरून होता भाऊ. कोनीतरी ती आतून काढाले आलं होतं."

"आतून? मग ते आत आले कुठून?"

"तेच तं मोजा म्हंतो." तो हसला. "इतक्या वर्साचं ओझं हाय, एक डाव त्याचं माप तं घेऊ. अन माही माय थकली. तिले एकदा पाटलाच्या तोंडून 'केलं माफ' आयकाचं हाय. मले माफी नोको. मले फक्त लिवेल पायजे, का झिंग्यानं आगळ लावली होती. सरकारात जाऊन पडन तो कागद. मंग कोनाच्या बापाची टाप हाय मले उभं कराची?"

मला त्याचं बोलणं पटलं. खरं सांगायचं तर पटलं त्याहून जास्त आवडलं, कारण त्यात माझी हुशारी दिसणार होती. सगळं गाव सव्वाशे वर्षं चुकलं आणि सहदेव माळ्याने ते काढलं!

वैशाखात आम्ही भिंत मोजायला घेतली. मोटेचा नाडा घेतला, त्यावर हाताहाताला गाठी मारल्या. तो बाहेरून चालायचा, मी आतून. जिथे आतलं माप आणि बाहेरचं माप जुळत नाही तिथे थांबायचं, भिंत ठोकायची, कान लावायचा. पुंजाजीला भिंत तोंडपाठ होती. आठ दिवसांत त्याने मला तीन जुनी खिंडारं दाखवली, पण तिन्ही भोसल्यांच्या लढाईतली, नंतर दगडाने नीट बुजवलेली, गावाला माहीत असलेली. जेवणाच्या वेळी तो नाल्याच्या काठी बसायचा, मी जरा अंतरावर. तिथून बोलायचो. तो म्हणायचा, "सहदेवभाऊ, तुमी लिवता तवा आमचं नाव झिंग्या लिवू नोका. झिंगाजी लिवा. मेल्यावर तरी जी लागू द्या." मी म्हटलं, लिहीन.

नवव्या दिवशी आमच्या वाट्याची भिंत आली. आतून माळीवाड्याचे गोठे भिंतीला टेकलेले. तिथे पुंजाजीला यायची सोय नव्हती, पण त्याचं काम बाहेरच होतं. मी एकटा आत शिरलो. माझा थोरला चुलता गोवर्धनकाका, त्याच्या गोठ्यात, अगदी भिंतीशी, कडब्याची गंजी असते. वैशाखात कडबा संपत आलेला. चार पेंढ्या बाजूला केल्या.

भिंतीत जमिनीलगत एक मोरी होती.

पाटाची मोरी. दोन्ही अंगांना घडीव दगड, पाण्याने गुळगुळीत झालेले, त्यांच्यावर क्षाराची पांढरी रेघ. खालची फरशी मधोमध झिजून खोल गेलेली. आमच्या बारवेतून निघालेला, आता कोरडा पडलेला जुना पाट गोठ्याखालून येऊन सरळ त्या मोरीत जात होता. पाण्याची वाट मी कुठेही ओळखतो, तोच आमचा धंदा आहे. आणि मोरीची उंची माणसाच्या कमरेएवढी. ती बुजवली होती, पण कशाने? जात्यांच्या फुटक्या तळ्या, मोटेच्या चाकाचे तुकडे, विटांचे अर्धे, राख, जळकं लाकूड. घरात जे हाताला लागलं ते कोंबलेलं. ते काम काही गवंड्याचं नव्हतं, घाबरलेल्या माणसांचं होतं. आठ हातांच्या भिंतीला तिथे वरवर लिंपलेली कातडी होती, बस. आणि बाहेरून नेमका त्या जागी आमचा उकिरडा. माझ्या आज्याच्याही आधीपासून तिथेच.

भिंतीपलीकडून पुंजाजी ओरडला, "सहदेवभाऊ! काय दिसते?"

माझ्या हातात जळक्या लाकडाचा तुकडा होता.

"काई नाई!" मी ओरडलो. "गोठा हाय!"

"माप किती?"

मी माप सांगितलं. खोटं. पलीकडे तो ते माप मोठ्याने दोनदा घोकत होता, विसरू नये म्हणून.

गोवर्धनकाका दारात उभा होता. त्याने पेंढ्या पाहिल्या, मला पाहिलं, आणि कवाड लोटून घेतलं.

"दिसलं तं तुले."

"काका, हे काय हाय?"

"बस. मोठ्या पोराले सांगतात हे, तू धाकट्याचा. मनून तुले म्हाईत नाई." तो खाली बसला, तंबाखू चोळू लागला. "दुष्काळाचं साल होतं. मळा भाईर, बारव अंदर. वेशीतून वळसा घालून पानी नेलं तं अर्धं रस्त्यात मरे. मनून आपल्या लोकाइनं भितीत मोरी केली. पयले हातभर केली. पन गाळ साचे. गाळ काढाले मानूस शिरला पायजे, मनून वाढोली."

"अन राती ती उघडीच?"

"सांजच्याला दगड लावत, बाभळीचे काटे लावत. त्या दिवशी पानी सुरू होतं. पाळी आपली होती, आपल्याच घरची. मिरच्या वाळून राह्यल्या होत्या. आपला मानूस दगड न लावता पानी देत बसला." काकाने तंबाखू तोंडात टाकली. "पेंढारी पाटातून आले. वेशीवर गेले, वेसकराले कापलं, आगळ काढली, मंग घोडे अंदर."

"अन आपण?"

"आपन मोरी बुजोली. अन म्हनलं, वेस उघडी होती."

"टोपली..."

"टोपली त्यासाठीच हाय. येवढं तं केलं ना आपन. समदे इसरले, आपन टोपली नाई इसरलो."

 रिद्धपूरच्या बाजारात उभं राहून मी जी मिरवली, ती टोपली.

"काका, हे लिवा लागते."

"लिव ना." तो शांतपणे म्हणाला. "लिव. मंग पोळ्याले आगळ कोनाच्या खांद्यावर येईन? पाटील काय रिवाज सोडन? त्याले तं कोनी उभं पायजे. माह्या गुडघ्यात पानी झालं, मी नाई उचलू शकत. तुहा खांदा बरा हाय."

 डोळ्यांसमोर वेस आली, गाव आलं, हसणारी तोंडं आली. मी खाली वाकून उभा आणि किसनराव म्हणतायत, या साली नाई. सत्यवतीची, माझ्या बहिणीची, सोयरीक परतवाड्याकडे चालू होती. वेशीत उभ्या राहणाऱ्याच्या बहिणीला कोण नेईल? ही कारणं मी आता मांडतोय, पण तेव्हा मांडली नव्हती. तेव्हा नुसता खांदा दुखला होता, काही उचलायच्या आधीच.

पुंजाजीला मी सांगितलं, आमच्या वाट्यात काही सापडलं नाही. त्याने मान हलवली. "बरं. मंग उत्तरेकडचं पाहू." आणखी चार दिवस तो माझ्यासोबत उन्हात फिरला. मीही फिरलो. सापडणार नाही ते ठाऊक असलेल्या जागी कान लावून ठोकत होतो.

त्याच साली कुंधा, ते चिवट मुळांचं तण, काढायला माळ्यांनी उकिरडा हलवला आणि वळवाच्या एका सरीने बाहेरची कातडी सुटली. जात्याची एक तळी अर्धी बाहेर दिसू लागली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कुत्रंही सावली सोडत नाही त्या वेळी, मी एकटा तिथे गेलो. माती आधीच कुजवून ठेवली होती. भूस, गुळाचं पाणी, सगळं रीतीप्रमाणे. पाच हात भिंत लिंपली. चांगलं काम झालं. ते करताना हात आपोआप चालत होते आणि मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो. वच्छला, माझी बायको, पाण्याची घागर घेऊन आली. म्हणाली, "समदी भीत पडून राह्यली, अन तुमाले येवढीच कावून दिसली?" मी म्हटलं, घागर ठेव आणि जा.

मग हकिकत लिहिली. तेरा पानं. पाया किती हात, बुरूज किती, भोकं किती, कोणत्या जातीचा वाटा कोणता, सगळं खरं. एकच वाक्य खोटं. 'वेसकर झिंगाजी याने त्या रात्री आगळ लावली नसल्यामुळे शत्रूचा गावात प्रवेश झाला.' जी लावला. मागितला होता ना त्याने.

पोळ्याच्या सकाळी टोपली मी स्वतः भरली. वांगी निवडून घेतली. कधी नव्हे त्या वर दोन पपया ठेवल्या. घेऊनही मीच गेलो. तानुबाई, पुंजाजीची म्हातारी माय, दाराशी बसली होती. डोळ्यांनी अधू. टोपली चाचपून म्हणाली, "पपया बी? बाप्पा! माळ्याइचं मन मोठं."

दुपारी वेशीत गाव जमलं. सजवलेले बैल मैदानात, तोरण बांधलेलं, किसनराव फेटा बांधून दगडी ओट्यावर. पुंजाजी आगळीजवळ उभा. मी वाचायला लागलो. भिंतीची मापं आली तशी माणसं माना डोलवू लागली. आपलं गाव एवढं मोठं आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. पुंजाजी माझ्या तोंडाकडे बघत होता. पेंढाऱ्यांचं पान आलं. मी आवाज खाली आणला नाही. उलट चढवला. ते वाक्य वाचलं आणि पुढचं पान उलटलं.

वाचून झाल्यावर किसनराव म्हणाले, "वा रे सहद्या! आता तं लेखी झालं. पुंज्या, उचल."

पुंजाजीने आगळ उचलली. खांद्यावर घेतली. बोल बोलायच्या ऐवजी माझ्याकडे वळला.

"सहदेवभाऊ, एक इचारू?"

"इचार."

"समद्या कुसावर पान्याचं गवत उगोलं. तुमच्या वाट्यात पाच हात जागेवर नाई उगोलं. तीस सालात भितीले कोनी माती नाई लावली. यंदा तुमी कावून लावली?"

 गोवर्धनकाका जमिनीकडे पाहत होता. मला फक्त खरं बोलायचं होतं. कागद हातात होता, गाव समोर होतं, सगळे ऐकत होते. अशी वेळ माणसाला मागून मिळत नाही.

"पान्यानं ढासळून राह्यली होती," मी म्हटलं. "मनून लिंपली."

"बस?"

"बस."

"अबे पुंज्या, बोल बोल ना आपले!" मागून कोणीतरी ओरडलं. "बैलं तापून राह्यले!"

 पुंजाजीने आगळ खांद्यावरून उतरवली, वेशीच्या उंबऱ्यावर आडवी ठेवली, हळू ठेवली, आपटली नाही, आणि माणसांमधून वाट काढत महारवाड्याकडे निघून गेला. पाटील ओरडले, शिव्या दिल्या, कोणी धावलंही. तो वळला नाही. आगळ तिथेच. ती वेसकराशिवाय कोणी हलवायची नाही अशी रीत, आणि अपशकुनाच्या भीतीने कोणी पुढे होईना. महारवाड्यातून दुसरा माणूस बोलावला, तो आला नाही. तिसरा आला नाही. शेवटी बैल आगळीवरून उड्या मारत आत घेतले. चंद्रभान पाटलाच्या, किसनरावांच्या पुतण्याच्या, बैलाचा खूर अडकला, पाय मोडला. त्याचंही खापर पुंजाजीवर फुटलं.

पाच दिवसांत पुंजाजीचं घर रिकामं झालं, घरचे सगळे अकोल्याला गेले. देवडी काढून घेतली, वेसकरीबद्दलचं वावर एका कुणब्याला दिलं, महारवाड्याच्या विहिरीत पाटलाच्या माणसांनी मेलेलं डुक्कर टाकलं. मी हे सगळं ऐकत होतो, मिरच्या तोडत.

दिवाळीनंतर मला झोपेनासं झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. झोप लागत होती. जेवणही जात होतं. फक्त माणूस समोरून आला की त्याला ठाऊक आहे असं वाटायचं. माघात मी दुसरा कागद लिहिला. दोन पानं. मोरी, पाट, पाळी, जात्यांच्या तळ्या, आमच्या घराचं नाव. खाली सही केली. तो घेऊन एलिचपूरहून छोट्या आगगाडीने मूर्तिजापूर, तिथून अकोला.

कापसाच्या जिनिंगामागे टिनाच्या खोल्यांची ओळ होती. विचारत विचारत गेलो. पुंजाजी कामावर होता. तानुबाई दाराशी बसून कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचत होती, हाताच्या अंदाजाने.

"कोन हाय?"

"सहदेव माळी. हिवरकोटचा."

हात थांबला नाही. "बसा."

मी जमिनीवर बसलो. कागद काढला. म्हटलं, "माय, मी खोटं लिवलं होतं. आता खरं लिवून आनलं." आणि वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मोरीचं आलं तेव्हा तिने मान वर केली. टोपलीचं आलं तेव्हा खाली घातली. वाचून संपलं. पलीकडे जिनिंगात यंत्रांची धडधड चालू होती.

"हे गावात वाचलं?" तिने विचारलं.

"नाई."

"पाटलाले देलं?"

"नाई अजून."

"सायबाले धाडलं?"

"...नाई."

"मंग इथं कायले वाचता बाबा? मले तं म्हाईतच होतं. माह्या सासूले म्हाईत होतं, तिच्या सासूले म्हाईत होतं. झिंगाजी आगळीवर मेला हे आमच्या घरात कोनाले शिकवा लागत नाई. ज्याइले म्हाईत नाई त्याइच्यात जाऊन वाचा."

 उन्हातून चालून आलो होतो, घसा सुकला होता. मी पाण्याच्या माठाकडे पाहिलं. ती अधू असली तरी तिला कळलं, कसं ते मला सांगता येत नाही.

"तुमाले तान लागली असन," ती म्हणाली. "पन मी पानी देत नाई. देलं तं तुमी पेसान. महाराच्या घरचं पेलो मनून तुमाले बरं वाटन. मंग घरी जासान अन गपगार झोपसान. तसेच जा."

मी उठलो. कागद तिच्यापाशी ठेवू लागलो, तर म्हणाली, "न्या तो. इथं वाचनारं कोनी नाई." स्टेशनापर्यंतच्या वाटेत नळ होता. मी त्यालाही तोंड लावलं नाही. त्याने काय झालं? काही नाही.

त्यानंतर दोन पोळे झाले. वेसकर मिळाला नाही, म्हणून आगळीचा रिवाजच बंद पडला. लोक म्हणतात, बरं झालं, बैलांना थांबावं लागत नाही. सत्यवतीचं लग्न परतवाड्याला झालं. पुढच्या साली पाटलांनी पश्चिमेची भिंत खणायला मोकळी केली, माती संत्र्याच्या बागांना चांगली म्हणून. आमच्या वाट्याची भिंत आम्हीच खणली, गोठ्यापासून सुरुवात केली. मोरीचे घडीव दगड काकाने बारवेच्या पायऱ्यांना बसवले. आता तिथे काही नाही. कोणी विचारलं तर दाखवायलाही नाही.

तो दोन पानांचा कागद माझ्याजवळ आहे. वेशीत उभं राहून मी तो वाचलेला नाही. तीनदा घेऊन गेलो. एकदा बाजाराच्या दिवशी ओट्यावर चढलोही होतो. किसनराव म्हणाले, "काय रे सहद्या, वांगे इकतं का?" लोक हसले, मीही हसलो आणि उतरलो.

म्हणून हे छापायला देतो आहे. छापलेलं वाचायला मला कोणापुढे उभं राहावं लागत नाही. हाही भेकडपणाच आहे, मला कळतं. हिवरकोटात छापील मजकूर वाचणारी माणसं चार आहेत. त्यांतले दोन माळी आहेत, एक किसनरावांचा जावई, आणि चौथा मी.